जोकरचं हसू मुळात कुणाचं?

हीथ लेजरचा जोकर भारी की वाकीन फिनिक्सचा? हा प्रश्न कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये टाकून बघा. चहा गार होतो, लेक्चर बुडतं, पण निकाल काही लागत नाही. एका गटाचं म्हणणं असतं की २००८च्या ‘द डार्क नाइट’मधला जोकर हाच बॅटमॅनच्या गोष्टीला शोभणारा खलनायक. त्याला ना नाव, ना गाव, ना भूतकाळ. गालांवरच्या व्रणांची गोष्टसुद्धा तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळीच सांगतो. दुसऱ्या गटाला २०१९चा ‘जोकर’ जवळचा वाटतो. तिथला आर्थर फ्लेक आधी माणूस म्हणून दिसतो, मग बिघडत जातो, म्हणून तो पटतो. त्यावर पहिला गट विचारतो, ज्या सिनेमात बॅटमॅनच नाही त्यात हा व्हिलन नेमका कुणाचा? मग कुणीतरी १९८९चा जॅक निकल्सन मध्ये आणतं आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर!

या वादात एक माणूस मात्र कायम गैरहजर असतो. त्यानं जोकर कधीच साकारला नाही. पहिला बॅटमॅन सिनेमा थिएटरात लागला त्याच वर्षी, लागण्याआधीच, तो वारला होता. पण ते हसू, कानापर्यंत ताणलेलं आणि डोळ्यांत मात्र आनंदाचा मागमूस नसलेलं, ज्या चेहऱ्यावरून उचललं गेलं तो चेहरा त्याचा होता. त्याचं नाव कॉनराड फाइट. आडनावाचा जर्मन उच्चार आपल्या ‘फायटिंग’मधल्या फाइटसारखाच, आणि या माणसानं पुढे केलंही तेच.

खलनायक गोष्टीला कधी शोभतो, हा प्रश्न त्याला पडद्यावर सोडवावा लागला आणि पडद्याबाहेरही. म्हणून वादाचा पुढचा राउंड सुरू करण्याआधी त्याची गोष्ट ऐकायला हवी.

तेरा जणांत तेरावा

कॉनराडचा जन्म २२ जानेवारी १८९३चा, बर्लिनमधला. वडील लष्करातून सरकारी नोकरीत आलेले, कडक शिस्तीचे. मोठा भाऊ कार्ल लहानपणीच आजारानं गेला. पुढे वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन करायची वेळ आली, तेव्हा घरात तेवढे पैसे नव्हते. सर्जननं परिस्थिती बघून जेवढं परवडेल तेवढंच बिल घेतलं. पोराच्या मनावर त्याचा असा परिणाम झाला की त्यानं ठरवलं, आपणही सर्जनच व्हायचं.

पण मार्कांनी घात केला. १९१२ साली शाळा संपली तेव्हा त्याच्या वर्गात तेरा मुलं होती आणि त्याचा नंबर तेरावा. हातात प्रमाणपत्रसुद्धा नाही. मेडिकल तर सोडाच, पुढचं शिक्षणच अवघड. मग त्याची पावलं नाटकाकडे वळली. वडिलांच्या लेखी नट म्हणजे बिनभरवशाचे भटके लोक. आईनं मात्र साथ दिली.

त्या काळात माक्स राइनहार्ट हा युरोपातला फार मोठा नाट्यदिग्दर्शक आणि बर्लिनचं डॉयचेस थिएटर हा त्याचा बालेकिल्ला. १९१३ साली कॉनराडला तिथं प्रवेश मिळाला तो किरकोळ कामांसाठी. गर्दीत उभं राहायचं, भाला धरायचा, एखादं वाक्य मिळालं तर नशीब. उंच, काटकुळा, गालफडं आत गेलेली आणि डोळे असे की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपल्याकडेच रोखून बघतायत असं वाटावं.

एवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. १९१४च्या अखेरीस त्याला सैन्यात भरती व्हावं लागलं आणि पुढच्या वर्षी त्याची रवानगी पूर्व आघाडीवर झाली. तिथं कावीळ आणि न्यूमोनियानं त्याला गाठलं. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर त्यानं आघाडीवरच्या सैनिकांसाठी चालणाऱ्या थिएटरात काम मिळवलं. प्रकृतीमुळे अखेर सैन्यानं त्याला मोकळं केलं आणि १९१७पर्यंत तो परत राइनहार्टकडे आला. वय चोवीस. मरण जवळून बघून झालेलं. पुढच्या काही वर्षांत त्यानं पडद्यावर जी भुतं उभी केली, ती बघताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

झोपेत चालणारा खुनी

युद्धात हरलेल्या जर्मनीत सिनेमाला एकदम बहर आला. १९१९ साली कॉनराडनं एक असा सिनेमा केला, जो करायला आजही धाडस लागेल. ‘डिफरंट फ्रॉम द अदर्स’ या मूकपटात तो एका व्हायोलिनवादकाच्या भूमिकेत आहे. या वादकाचं एका तरुणावर प्रेम आहे आणि तेवढ्यावरून एक जण त्याला ब्लॅकमेल करतो. समलिंगी संबंध हा जर्मनीत तेव्हा गुन्हा होता. सिनेमा मात्र बोट दाखवतो ते कायद्याकडे आणि त्या कायद्याच्या जिवावर पैसे उकळणाऱ्याकडे. मॅग्नस हिर्शफेल्ड हा प्रख्यात डॉक्टर सिनेमाच्या लेखनात सहभागी होता आणि स्वतः पडद्यावरही आला. वर्षभरात सेन्सॉरनं सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी सिनेमा बंद केला. आज त्याचे तुकडेच शिल्लक आहेत.

लगेच १९२० साली आला ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’. फिल्म स्टडीजच्या कुठल्याही कोर्समध्ये आजही दाखवला जाणारा हा सिनेमा. वेडीवाकडी घरं, तिरक्या खिडक्या, सावल्यासुद्धा रंगानं रंगवलेल्या. जत्रेत डॉ. कॅलिगरी नावाचा माणूस एक पेटी घेऊन येतो. पेटीत झोपलेला असतो चेझारे. डॉक्टर हुकूम सोडतो, चेझारे झोपेतच उठतो, जाऊन खून करतो आणि परत पेटीत येऊन झोपतो. हा चेझारे म्हणजे कॉनराड. अंगाला चिकटलेले काळे कपडे, पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. टिम बर्टनचा ‘एडवर्ड सिझरहँड्स’ आठवला ना? बरोबर, त्याचं मूळ इथंच सापडतं.

आता सांगा, या गोष्टीत खलनायक कोण? खून करतो तो चेझारे. पण त्याला स्वतःची इच्छाच नाही. एका प्रसंगात तो एका मुलीला मारायला जातो, सुरा उगारतो आणि त्याचा हात थबकतो. त्या एका क्षणी त्याच्यात माणूस जागा होतो, आणि बघणाऱ्याला कळतं की खरा राक्षस तर मागं, हुकूम सोडून मोकळा झालाय. १९४७ साली झीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकानं एका गाजलेल्या पुस्तकात अशी मांडणी केली, की माणसांना झोपेत चालवणाऱ्या या डॉक्टरमध्ये हिटलरची चाहूल होती. सगळेच अभ्यासक हे मानत नाहीत. पण एवढं नक्की, की बघणाऱ्याला ज्याची भीती वाटते तो आणि ज्याचा दोष असतो तो, असे दोघं वेगवेगळे असू शकतात, हे कॉनराडच्या पहिल्या मोठ्या ‘व्हिलन’नंच दाखवून दिलं.

मेणाचे तिघे

मग कामांची रांग लागली. १९२१च्या ‘द इंडियन टूम’ या दोन भागांच्या सिनेमात तो चक्क भारतीय महाराजा झाला. बेइमान झालेल्या राणीवरच्या आपल्या प्रेमाला पुरण्यासाठी भव्य समाधी बांधायला निघालेला राजा! हा ‘भारत’ उभा केला होता बर्लिनजवळच्या सेटवर. पटकथा लिहिणारी जोडी होती फ्रिट्झ लांग आणि थेया फॉन हार्बू. पुढे ‘मेट्रोपोलिस’ करणारी हीच ती दोघं.

१९२४चा ‘वॅक्सवर्क्स’ आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. जत्रेतल्या मेणाच्या पुतळ्यांची ही गोष्ट. त्यातले तीन पुतळे तीन बड्या नटांनी जिवंत केले. एमिल यानिंग्स झाला बगदादचा खलिफा, कॉनराड झाला रशियाचा क्रूर झार इव्हान आणि ‘कॅलिगरी’तला डॉक्टर वेर्नर क्राउस झाला जॅक द रिपर. जर्मन पडद्यावरचे तीन दिग्गज एका सिनेमात. ही तीन नावं लक्षात ठेवा. नऊ वर्षांनी या तिघांसमोर एकच प्रश्न येणार होता.

आकड्यांनी ओढलेलं हसू

तोपर्यंत हॉलिवूडची नजर या काटकुळ्या जर्मनावर पडली होती. १९२६ साली जॉन बॅरीमोरच्या सिनेमात काम करायला तो अमेरिकेत आला आणि १९२८ साली ‘वॅक्सवर्क्स’चाच दिग्दर्शक पॉल लेनी याच्याबरोबर त्यानं केला ‘द मॅन हू लाफ्स’.

गोष्ट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९च्या कादंबरीवरची. इंग्लंडचा राजा एका बंडखोर उमरावाला ठार करतो आणि त्याच्या लहान मुलाच्या तोंडावर शस्त्रक्रिया करवून घेतो. ओठांचे कोपरे कापून चेहऱ्यावर कायमचं हसू. बाप मेला तरी पोरगा हसताना दिसणार, उपाशी असला तरी हसताना दिसणार. बर्फात भटकणाऱ्या या पोराला, ग्विनप्लेनला, मेलेल्या आईच्या कुशीत एक तान्ही मुलगी सापडते. तो तिला उचलून घेतो. ती आंधळी आहे. दोघं एका फिरत्या खेळवाल्याच्या आश्रयाला वाढतात. मोठेपणी तो विदूषक म्हणून प्रसिद्ध होतो. लोक त्याचं तोंड बघायला तिकीट काढतात. त्याच्यावर जीव लावणारी ती आंधळी दीया हीच एक अशी, की जिला त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त माणूस दिसतो.

मेकअप केला होता जॅक पिअर्सनं, ज्यानं पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’चा राक्षस घडवला. कॉनराडच्या तोंडात खोटे दात बसवले होते आणि त्यांना जोडलेले धातूचे आकडे ओठांचे कोपरे मागं खेचून धरायचे. ते लावल्यावर धड बोलताही यायचं नाही. नटाचं निम्मं भांडवल असलेलं तोंडच असं गोठवून टाकलेलं. उरले फक्त डोळे. आणि त्या डोळ्यांनी त्यानं लाज, राग, प्रेम, अपमान, सगळं सांगितलं. सिनेमाभर तो हातानं, रुमालानं, कपड्याच्या टोकानं तोंड झाकत राहतो. खाली हसू आणि वर रडवेले डोळे, असा तो चेहरा.

बारा वर्षांनी, १९४० साली, न्यूयॉर्कमध्ये ‘बॅटमॅन’ कॉमिकचा पहिला अंक तयार होत होता. नव्या खलनायकाची कल्पना नेमकी कुणाची, यावर बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांच्यात पुढे आयुष्यभर वाद चालला. रॉबिन्सनकडे पत्त्यातल्या जोकरचं चित्र होतं, तर फिंगरनं आणला ‘द मॅन हू लाफ्स’मधल्या कॉनराडचा फोटो. त्या फोटोवरून जोकरला चेहरा मिळाला, हे मात्र सगळ्यांनीच मान्य केलं. गंमत म्हणजे हा जोकर पहिल्याच अंकात मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थनं म्हटलं, याला जिवंत ठेवा, आणि शेवटी एक चित्र वाढवून तो वाचवला गेला.

म्हणजे काय झालं बघा. ज्या चेहऱ्यामागं पडद्यावरचा सर्वांत हळवा नायक होता, तो चेहरा उचलून त्याच्यामागं खुनी बसवला गेला. ग्विनप्लेनची सगळी शोकांतिका हीच होती, की लोक त्याचं तोंड बघून माणूस ठरवायचे. कॉमिकवाल्यांनीही नकळत तेच केलं. यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही, चित्रकाराला चेहरा हवा होता. पण विद्रूप चेहरा म्हणजे वाईट माणूस हा जो शॉर्टकट सुपरहिरो सिनेमा आजही वापरतो, त्याला उत्तर खुद्द जोकरच्या पूर्वजानंच देऊन ठेवलंय.

फॉर्मवरचा एक शब्द

१९२९च्या सुमारास सिनेमा बोलू लागला. कॉनराडचं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. तो मायदेशी परतला आणि तिथं पुन्हा मोठा स्टार झाला. मग जानेवारी १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. सिनेमाची सूत्रं गोबेल्सच्या हातात गेली आणि ज्यू कलाकारांना बाहेर काढायला सुरुवात झाली. काम करायचं तर आपला वंश कोणता हे फॉर्मवर लिहून द्यायचं.

कॉनराड ख्रिश्चन घरात वाढलेला. त्याला कसलाच धोका नव्हता. नाझींना तो हवाच होता. पण त्याच वर्षी त्यानं तिसरं लग्न केलं होतं लिली प्रागर हिच्याशी, आणि लिली ज्यू होती. बायकोला सोडलं असतं तर करिअर सुरक्षित होतं. तसं करणारे लोक होतेही. कॉनराडनं फॉर्म घेतला आणि वंशाच्या रकान्यात लिहिलं, ज्यू. जे तो नव्हता ते त्यानं लिहिलं, कारण ज्यांना नाकारलं जात होतं त्यांच्या रांगेत त्याला उभं राहायचं होतं.

दोघं इंग्लंडला गेले. मध्ये एका सिनेमासाठी तो जर्मनीत गेला असताना त्याला तिथंच अडकवून ठेवलं गेलं. तब्येत बरी नाही, प्रवास जमणार नाही, असं बाहेर सांगितलं गेलं. लंडनच्या गोमाँ-ब्रिटिश कंपनीनं स्वतःचा डॉक्टर पाठवला, तेव्हा कुठं तो सुटला. पुढे १९३९ साली त्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं.

आणि ‘वॅक्सवर्क्स’मधले बाकीचे दोघं? यानिंग्स आणि क्राउस जर्मनीतच राहिले. नाझी राजवटीत त्यांना मानसन्मान मिळाले, मोठ्या भूमिका मिळाल्या. पडद्यावर खलनायक तिघांनीही केले होते. खरा खलनायक सत्तेवर बसल्यावर मात्र तिघांतला एकच दाराबाहेर पडला.

एकच माणूस, दोन सिनेमे

खलनायक गोष्टीला शोभतो की नाही, हा वाद आपल्याला टाइमपास वाटतो. पण कधीकधी त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे पुढच्या प्रकरणावरून कळतं.

अठराव्या शतकात जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग संस्थानात योसेफ स्यूस ओपेनहायमर नावाचा ज्यू सावकार होता. तो ड्यूकचा पैशाचा सल्लागार. ड्यूक मेला आणि १७३८ साली स्यूसला फाशी दिली गेली. १९३४ साली ब्रिटनमध्ये या माणसावर ‘ज्यू स्यूस’ हा सिनेमा निघाला, लिऑन फॉइख्टवांगरच्या कादंबरीवरून. स्यूसची भूमिका केली कॉनराडनं. हा स्यूस साधुसंत नाही. महत्त्वाकांक्षी आहे, सत्तेसाठी तडजोडी करतो, त्याची जबर किंमत मोजतो. शेवटी त्याला कळतं की आपण जन्मानं ज्यू नाहीच. तेवढं जाहीर केलं तर जीव वाचेल. तो तोंड उघडत नाही. ज्यू म्हणूनच फासावर जातो. ज्या नटानं वर्षभरापूर्वी त्या फॉर्मवर तो शब्द लिहिला होता, तोच नट ही भूमिका करत होता!

गोबेल्सनं याला प्रत्युत्तर म्हणून १९४० साली त्याच माणसावर, जवळजवळ त्याच नावाचा सिनेमा काढायला लावला. दिग्दर्शक फाइट हार्लान. नावात फाइट असलं तरी आपल्या कॉनराडशी त्याचा संबंध नाही. या सिनेमातला स्यूस लंपट, कपटी, देश पोखरणारा. त्याचा दोष एकच, त्याची जात. आणि अवतीभवतीच्या अनेक ज्यू पात्रांची सोंगं एकट्यानं वठवली कुणी? वेर्नर क्राउसनं. ज्यानं कॅलिगरी होऊन चेझारेला खून करायला पाठवलं होतं, त्यानंच. हा सिनेमा तुफान चालला. एसएसचा प्रमुख हिमलरनं आपल्या एसएसच्या आणि पोलिसांच्या माणसांना तो बघण्याचा आदेश काढला. ती माणसं नंतर काय करणार होती, ते आपल्याला ठाऊक आहे.

तंत्राच्या हिशोबानं बघितलं तर नाझींच्या सिनेमातला खलनायकही ‘गोष्टीला शोभणारा’च होता. गोष्टच त्याच्यासाठी बेतली होती. म्हणून नुसतं शोभणं पुरत नाही. या माणसाला खलनायक कुणी ठरवलं, कशासाठी ठरवलं, आणि त्याचं वाईटपण त्याच्या कृत्यांत आहे की जन्मात, हे विचारावंच लागतं.

नाझींपासून पळालेला नाझी

१९४०च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये कॉनराड झाला दुष्ट वजीर जाफर. त्याच्यासमोर नायक-चोराच्या भूमिकेत होता साबू, म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा. बर्लिनचा निर्वासित आणि म्हैसूरचा पोरगा एका फ्रेममध्ये. युद्धामुळे इंग्लंडमधलं शूटिंग अर्धवट राहिलं आणि ते अमेरिकेत पूर्ण झालं. डिस्नेच्या १९९२च्या ‘अलादीन’मधला जाफर आठवा. नाव तेच, रोखलेली नजर तीच. म्हणजे जोकर आणि जाफर, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस!

अमेरिकेला निघण्याआधी त्यानं आपल्या बचतीतला मोठा हिस्सा ब्रिटिश सरकारला युद्धासाठी दिला आणि पुढेही कमाईतून देत राहिला. हॉलिवूडमध्ये मात्र नियतीनं वेगळीच थट्टा केली. जर्मन उच्चार, ताठ कणा, थंड डोळे. स्टुडिओला त्याच्यात दिसला तो नाझी अधिकारी. ज्यांच्यापासून पळून आला त्यांचाच गणवेश अंगावर घालायचा! त्यानं घातला, पण एक अट ठेवून, असं त्याची चरित्रं सांगतात. नाझी करायचा तर तो खलनायकच असला पाहिजे. त्याला उगाच सहानुभूती नको, त्याची ऐट नको. १९४२च्या ‘नाझी एजंट’मध्ये तर त्यानं जुळे भाऊ केले, एक नाझी हेर आणि दुसरा अमेरिकेला आपलं मानणारा साधा पुस्तकप्रेमी.

त्याच वर्षी आला ‘कॅसाब्लांका’. यातला मेजर स्ट्रासर तोच. अनेकांना वाटतं की स्ट्रासर हा या सिनेमातला सर्वांत सपाट माणूस. बाकी सगळ्यांना दोन बाजू आहेत, याला एकच. पण त्याला काढून टाकून बघा. रिक हा कॅफेचा मालक, कुणाच्याच भानगडीत पडायचं नाही असं ठरवून बसलेला. स्ट्रासर येतो, हसून बोलतो, आवाज फारसा चढवत नाही, आणि एकेक करून रिकच्या तटस्थ राहण्याच्या सगळ्या वाटा बंद करतो. तो नसता तर रिकला काही ठरवावंच लागलं नसतं. कॅफेत जर्मन अधिकारी गाऊ लागतात आणि त्यांना उत्तर म्हणून बाकीचे सगळे फ्रान्सचं राष्ट्रगीत गातात, तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. त्या गर्दीत खरोखरच युरोपातून जीव वाचवून आलेले कलाकार होते. आणि त्यांच्यासमोर जर्मनांच्या बाजूनं गाणारा मेजरही त्यांच्यातलाच एक. आपल्याच लोकांचा आवाज चढावा म्हणून तो समोरच्या बाजूला उभा राहिला होता.

‘कॅसाब्लांका’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं मार्च १९४४मध्ये. ते बघायला कॉनराड नव्हता. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराच्या झटक्यानं तो कोसळला. वय फक्त पन्नास. हिटलरचा शेवट व्हायला अजून दोन वर्षं होती. त्याच्या अस्थी अखेर १९९८ साली लंडनला आणल्या गेल्या, लिलीच्या अस्थींबरोबर.

मग शोभतो कोण?

आता जोकरच्या वादाकडे येऊ. कॉनराडच्या भूमिका हाताशी ठेवल्या तर वाद जरा नेमका होतो.

‘द डार्क नाइट’मधला जोकर हा स्ट्रासरच्या जातीचा. बॅटमॅनचा एक नियम आहे, जीव घ्यायचा नाही. हा जोकर बरोबर त्याच नियमावर बोट ठेवतो आणि दाबत राहतो. दोन बोटींत माणसं भरतो, एका बोटीनं दुसरी उडवावी म्हणून वाट बघतो. त्याला भूतकाळ नाही, कारण या गोष्टीला त्याच्या भूतकाळाची गरजच नाही. गरज आहे ती नायकाला कात्रीत पकडणाऱ्याची. म्हणून तो शोभतो.

१९८९चा जोकर बॅटमॅनच्या आईवडिलांचा खुनी दाखवला आहे. हिशोब नीट जुळतो, पण जरा जास्तच नीट. सूड पूर्ण झाला की दोघांमधला प्रश्नच संपतो.

आणि २०१९चा आर्थर? तो थेट ग्विनप्लेनच्या घराण्यातला. त्यालाही नको असताना हसू येतं, त्याच्याही हसण्यामागं रडू आहे, लोक त्यालाही बघून हसतात. सिनेमावाल्यांनी जणू त्या चेहऱ्याला त्याचं जुनं दुःख परत दिलं. पण ग्विनप्लेन इतकं सोसूनही कुणाचा जीव घेत नाही. आर्थर घेतो. दुःख खरं आणि गुन्हाही खरा, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरायला हा सिनेमा भाग पाडतो तोवर तो भक्कम आहे. शेवटी रस्त्यावरची गर्दी त्याला डोक्यावर घेते, तिथं मात्र आपण त्या गर्दीत आहोत की बाहेर, हे सिनेमा नीट सांगत नाही. या मुद्द्यावर वाद घाला, त्यात दम आहे. बॅटमॅन नाही म्हणून तो व्हिलन नाही, हा मुद्दा त्यामानानं किरकोळ.

‘द मॅन हू लाफ्स’ अमेरिकेत २०२४ पासून कॉपीराइटमधून मोकळा झालाय. सापडला तर नक्की बघा. मूकपट आहे, पहिली दहा मिनिटं जड जाईल. मग ग्विनप्लेनचा क्लोजअप आला की हात पुढे करून स्क्रीनचा खालचा भाग झाका. हसू दिसायचं बंद होईल आणि डोळे तेवढे उरतील. ज्यानं पुढे त्या फॉर्मवर तो एक शब्द लिहिला, तो माणूस तुम्हाला तिथं दिसेल.